लातूरला बचत गटाच्या प्रदर्शनात गोधड्या विकायला जीएसटी नंबर लागतो का?

नाही, लागत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फक्त माल विकत असाल, तर वर्षाची एकूण विक्री 40 लाखांवर जाईपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. 1 एप्रिल 2019 पासून हीच मर्यादा आहे. त्यामुळे स्टॉलच्या फॉर्मवरचा जीएसटीचा रकाना बिनधास्त रिकामा सोडा आणि पॅन द्या. साधं बिल पुस्तक ठेवा, पण नंबर नसताना बिलावर जीएसटी लावू नका, ते बेकायदा आहे. गिऱ्हाइकाने स्वतःच्या जुन्या साड्या आणून दिल्या आणि तुम्ही नुसती शिलाई घेतली, तर ती मजुरी म्हणजे सेवा धरली जाते. अशी कामं घेत असाल तर विक्री आणि मजुरी मिळून 20 लाखांचीच मर्यादा. गोधडीच्या धंद्यात तेवढंही सहसा होत नाही म्हणा!

अडचण येते ती माल हैदराबाद किंवा बिदरच्या प्रदर्शनाला नेताना. राज्याबाहेर विकायचं म्हटलं की नोंदणी लागते. सरकारच्या हस्तकला यादीतल्या वस्तूंना 20 लाखांपर्यंत सूट आहे, पण त्यासाठी पॅन आणि ई-वे बिल (माल नेण्याआधी ऑनलाइन काढायचा वाहतुकीचा कागद) हवं. आपली वस्तू यादीत बसते का, हे निघण्याआधीच कर सल्लागाराला विचारा.