वळीव, गारा आणि पायाळू: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सकाळी आभाळ कोरं, दुपारी 41 डिग्री आणि चारनंतर अंधारून येऊन गारांचा मारा. एवढ्या उन्हात बर्फ येतो कुठून? आणि मोबाईलवर तर दिवसभर सूर्यच दाखवत होता! (एक वाचक, फलटण)

अहो, तापतंय म्हणूनच तर गारा पडतात. जमीन दुपारपर्यंत भाजून निघते, हवा हलकी होऊन वर जाते, पण नुसत्या उन्हाने काही होत नाही, ओल लागते, आणि ती आपल्याला एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडून मिळते, बंगालच्या उपसागराकडून येणारं दमट वारं आणि दुपारनंतर घाट चढून देशावर येणारा अरबी समुद्राचा वारा. ही ओली हवा नि इकडची कोरडी गरम हवा जिथे भिडते तिथे ढग सरळ उभा चढतो, 12-15 किलोमीटरपर्यंतसुद्धा. मे महिन्यात आपल्या डोक्यावर साधारण 5 किलोमीटरवरच शून्य डिग्री असतं, म्हणजे थेंब त्याच्या बरेच वर ढकलले गेले की गोठणारच. वर चढणारा वारा गारेला धरून ठेवतो, तिच्यावर पाणी गोठत जातं, आणि वजन पेलेनासं झालं की सोडून देतो. मोठी गार मिळाली तर फोडून बघा, आत एक थर दुधी आणि एक काचेसारखा असे दिसतील.

मोबाईलचं म्हणाल तर तो अख्ख्या दिवसाला एक चित्र लावून मोकळा होतो, आणि वळीव असतो जेमतेम काही किलोमीटरचा, तुमच्याकडे झोडपतो आणि शेजारच्या गावात नुसती धूळ. त्यापेक्षा हवामान खात्याचा पुढच्या 3 तासांचा अंदाज (नाउकास्ट) बघत जा. आणि डोळे उघडे ठेवा, एक-दोनच्या सुमाराला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर चढताना दिसले की वाळवणं आत घ्यायची. उकाड्यात अचानक गार वारं तोंडावर आलं की मग मिनिटंच उरली समजा, ती ढगातून खाली कोसळलेली हवा असते. त्या वाऱ्याला हलक्यात घेऊ नका. 13 मे 2024 ला घाटकोपरचं होर्डिंग अशाच वादळी वाऱ्यात पडलं आणि 17 माणसं गेली.

प्रश्न : माझी मुलगी पायाळू आहे. वळवाच्या दिवसात आजी तिला अंगणातसुद्धा सोडत नाहीत. पायाळू माणसावर वीज पडते हे खरं का? (एक आई, वाई)

नाही हो. जन्मताना पाय आधी आले की डोकं, विजेला काय कळतंय! पण आजी तिला घरात ठेवतात ते बरोबरच आहे, फक्त गडगडाट असेल तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच आत बोलवा, शेतात गेलेल्या पायाळू नसलेल्या काकांना पण.

चमक दिसली की मोजायला लागा, आवाजाला 1 किलोमीटर यायला 3 सेकंद लागतात. 30 सेकंदांच्या आत गडगडलं तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, पाऊस थांबला तरी. आपल्याकडे माणसं नेमकी आंब्याखाली जाऊन उभी राहतात भिजायला नको म्हणून, आणि झाडावर पडलेली वीज बाजूच्या माणसावर उडी मारते. भिजा, पण झाडाखाली नको. उघड्यावर अडकलातच तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका, आणि गर्दी करून बसू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फुकट आहे, जवळपास वीज पडत असेल तर सांगतं.

कुणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात करंट राहत नाही. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याने 108 लावा.

प्रश्न : महाबळेश्वरला 35 झालं तरी उष्णतेच्या लाटेची बातमी आणि आम्ही 41 मध्ये भाजतो त्याचं काहीच नाही! (म्हसवड)

तक्रार रास्त आहे, पण उष्णतेच्या लाटेचा नियमच तसा आहे. सपाटीवर निदान 40, किनाऱ्यावर 37 आणि डोंगराळ भागात 30, शिवाय तिथल्या नेहमीच्या तापमानापेक्षा साडेचार डिग्री तरी जास्त पाहिजे. तुमच्याकडे मेमध्ये चाळिशी नेहमीचीच, म्हणून लाट नाही. ऊन लागायचं ते लागतंच.

प्रश्न : खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही ना? (लोणंद)

लोणंदकरांनी कांद्याबद्दल विचारावं म्हणजे कमाल आहे! खिशातल्या कांद्याने काही होत नाही, तो भाकरीबरोबर खा आणि वर ताक प्या. ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग तव्यासारखं तापलं तर सावलीत न्या, कपडे सैल करा, पाणी ओतून वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.