को-लीडर कुणाला करायचं?

भावा,

तुझा मेसेज वाचला. क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममधले तुझे चार क्लॅन (खेळाडूंचे गट), एकेका क्लॅनमध्ये पन्नासाची मर्यादा, म्हणजे दोनशेच्या आसपास पोरं. आणि त्यातली निम्मी को-लीडर, म्हणजे लीडरच्या खालोखालचा माणूस, व्हायचं म्हणत्यात. पुढच्या लीगआधी, म्हणजे क्लॅनांच्या महिन्याच्या स्पर्धेआधी, याचा निकाल लाव, कारण मागणं ऐकून घेत बसलास तर यादी वाढतच जाईल.

आधी अधिकार काय आहे ते बघ. गेममध्ये को-लीडर वॉर, म्हणजे दुसऱ्या क्लॅनशी लढाई, सुरू करू शकतो आणि एल्डरसकट (हे को-लीडरच्या खालचं पद) खालच्या कुणालाही काढू शकतो. त्याला स्वतःला खाली आणायचं तर ते फक्त लीडरच्या हातात. म्हणजे रात्री दोनला कुणाचं डोकं फिरलं आणि तू झोपलेला असलास, तर सकाळी क्लॅन रिकामा. जुना आहे, डोनेशन (क्लॅनमधल्या इतरांना सैन्य) भरपूर देतो, आपल्या पेठेतला आहे, एवढ्यावर एल्डर जरूर कर. को-लीडर करण्याआधी मात्र त्याला विचार, ‘तू नेमकं काय सांभाळणार?’ याचं उत्तर देणारे फार कमी निघतील, बघ.

पेठेतलं मंडळ आठव. अध्यक्ष बदलतो, पण पावती पुस्तकं कुणाकडे, पोलिसांशी कोण बोलणार, मिरवणुकीत पुढं कोण राहणार, हे गणपती यायच्या आधीच ठरलेलं असतं. तसंच भरतीला एक, वॉरला दोन, भांडणं मिटवायला एक माणूस ठेव. भांडणं मिटवणारा सर्वात चांगला खेळणारा नसला तरी चालेल, किंबहुना नसलेलाच बरा. चांगल्या खेळाडूला समोरच्याचा फसलेला हल्ला बघवत नाही आणि तो तिथंच बोलून जातो.

डिस्कॉर्डवर, क्लॅनच्या गप्पांच्या ॲपवर, तर आणखी जपून. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ची खूण केलेला रोल (तिथलं पद) चॅनेलवर घातलेली सगळी बंधनं ओलांडतो. भरतीवाल्याला भरतीपुरत्या परवानग्या दे, वॉरवाल्याला घोषणा टाकण्यापुरत्या. रोलचा क्रमही नीट लाव, कारण आपल्यापेक्षा वरच्या रोलच्या माणसाला कुणी काढू शकत नाही. कुणी काय बदललं, कुणाला हाकललं, हे ऑडिट लॉगमध्ये दिसतं, पण ४५ दिवसच. वाद झाला की त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेव.

आता बोनसचं. माझ्या मते क्लॅन फुटतात ते वॉर हरल्यानं नाही, लीगच्या बोनस मेडलवरून, म्हणजे निवडक खेळाडूंना मिळणाऱ्या जादा बक्षिसावरून. आठ क्लॅनचा गट, सात लढती, प्रत्येक लढतीत माणशी एकच हल्ला, आणि शेवटी बोनस मोजक्यांनाच. हल्ल्यात मिळालेले स्टार (जास्तीत जास्त तीन) मोजून वाटलेस की गणित चुकतं. पहिल्या नंबरवरचा पोरगा समोरच्या सर्वात भक्कम बेसवर (खेळाडूच्या गावावर) जाऊन दोन स्टार आणतो, पंधराव्या नंबरवाला हलक्या बेसवर तीन घेऊन येतो, आणि बोनस दुसऱ्याला. मग पहिला पुढच्या महिन्यात दुसऱ्या क्लॅनमध्ये. म्हणून नियम लीग सुरू व्हायच्या आधी लिहून टाक: सगळे हल्ले केले का, सांगितलेल्या बेसवरच गेला का, आणि गेल्या खेपेला बोनस मिळाला होता का. तीन गोष्टी पुरेत. एक पथ्य मात्र पाळ, यादी करणाऱ्या को-लीडरचं नाव त्या महिन्याच्या यादीत नको. लई तक्रारी तिथंच संपतात.

अजून एक, जे तुला आवडणार नाही. तुम्ही चौघं कोल्हापूरकर रंकाळ्यावर बसून सगळं ठरवता. मजा येते, मान्य. पण पुण्याच्या हॉस्टेलवरच्या आणि नाशिकच्या पोरांना ते दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बोलण्यातून कळतं. तिथं गप्पा मारा, भेळ खा. निर्णय मात्र चॅनेलवर मांडायचा, बाहेरच्यांना एक दिवस बोलू द्यायचं आणि मगच पक्का करायचा. वॉरच्या दोघांपैकी एक जण बाहेरगावचाच ठेव. त्याला दुसरंही कारण आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर तू बघितला आहेस. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की इथल्या कुणाला क्लॅन आठवत नाही आणि आठवूही नये. तेव्हा वॉर लावायचं की नाही, हे ठरवणारं माणूस नदीपासून लांब असलेलं बरं.

दहावी-बारावीच्या पोरांना फेब्रुवारी-मार्चमध्ये लीगच्या यादीत घेऊच नकोस. त्यांनी हट्ट केला तरी.

पैशाचं थोडक्यात सांगतो. गोल्ड पास (गेममधला विकतचा पास) वाटायला वर्गणी काढणार असशील तर हिशोब सगळ्यांना दिसेल अशा शीटवर ठेव, आणि ती शीट भरणारा तू नसावास. कुणी पैज लावून खेळायची कल्पना काढली तर तिथंच थांबव. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, आणि तुझ्या क्लॅनमध्ये अठराच्या खालची पोरं आहेत.

बोनसचा नियम लिहिलास की टाकायच्या आधी मला पाठव. आणि को-लीडरपद मागून न मिळालेल्यांना ‘नाही’ हे ग्रुपवर सांगू नकोस. एकेकाला फोन कर.

तुझा,
दादा