बुद्धिबळात प्याद्यांची रचना बघून प्लॅन कसा ठरवायचा? (कोल्हापुरातल्या रविवारच्या रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांच्या, स्पर्धांची तयारी)

पटावरून राजे आणि प्यादी सोडून सगळं उचला. दोन मिनिटं एवढंच बघा: उघड्या फाइल (एकही प्यादं नसलेल्या उभ्या रांगा) कुठल्या, कुठल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याचा आधार नाही, कुणाची प्यादी कुठल्या बाजूला जास्त.

वजीर गँबिट (क्वीन्स गँबिट) या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, एक्सचेंज प्रकारातली ही रचना मांडा (अक्षर म्हणजे फाइल, आकडा म्हणजे आडवी रांग). पांढरी ए2, बी2, डी4, ई3, एफ2, जी2, एच2. काळी ए7, बी7, सी6, डी5, एफ7, जी7, एच7. वजीर बाजूला (ए ते सी फाइलवर) पांढऱ्याची दोन विरुद्ध काळ्याची तीन, तरी हल्ला पांढऱ्याचाच! हत्ती बी1 वर, मग बी4, ए4, बी5. बी5 वरून सी6 मारलं, काळ्यानं बी7 च्या प्याद्यानं परत मारलं, की सी6 चं प्यादं मागं राहतं आणि अर्ध्या उघड्या (फक्त काळ्याचं प्यादं असलेल्या) सी फाइलवर हत्तींना आयतं टार्गेट मिळतं.

पोरं घाई करतात ती बी4 ला. काळ्याचा घोडा बी6 वर येऊ शकत असेल तर काळा स्वतःच बी5 खेळतो आणि घोडा सी4 वर बसवतो. सी फाइल बंद, सी6 झाकलेलं. म्हणून आधी सी4 वर कुणाचा ताबा आहे ते बघा. काळ्याकडून खेळताना मात्र ई4 वर घोडा आणून राजाच्या बाजूनं चढा. नुसतं सी6 राखत बसलात तर गेम गेलाच म्हणायचा.