पार्लरमधलं वजनाचं इंजेक्शन घेऊ का?

“मॅडम, पार्लरवाली म्हणे आठवड्याले एक सुई घ्या, चिठ्ठी-बिठ्ठी काही लागत नाही. घेऊ का?” यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचा हा प्रश्न. तपशील थोडे बदलले आहेत. वय ३८, उंची १५२ सेंमी, वजन ७८ किलो, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू. डॉक्टरांना का नाही विचारलं? “थे म्हणतीन, भात कमी खा आन् वावरात जा. वावरात तं रोजच जातो मी.”

ताईंची मागणी चुकीची नव्हती. त्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३३.८ येतो. टिर्झेपेटाइड (मौंजारो) आणि सेमाग्लुटाइड (वेगोवी) ही इंजेक्शनं २०२५ पासून भारतात वजनासाठी अधिकृतपणे मिळतात. बीएमआय ३० किंवा जास्त, किंवा किमान २७ आणि सोबत मधुमेह, बीपीसारखा आजार, असा निकष आहे. त्यात त्या बसतात.

पार्लरमधल्या मालाचा फोटो त्यांच्या मोबाइलवर होता: आधीच भरलेली सिरिंज, वर नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. खरं औषध सीलबंद व्हायल किंवा पेनमध्ये येतं. सुट्या सिरिंजमध्ये काय आहे आणि किती आहे, हे विकणारीलाही ठाऊक नसतं. टिर्झेपेटाइड आठवड्याला २.५ मिग्रॅपासून सुरू होतं आणि चार आठवड्यांनी ५ वर जातं. “लवकर उतरते” म्हणून पहिलीच सुई मोठी दिली, तर उलट्यांनी माणूस आडवा होतो. तिथेच मिळणाऱ्या ‘हर्बल’ कॅप्सूलचाही भरवसा नाही. अशा मालात सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध सापडल्याचे प्रकार घडले आहेत आणि ते औषध भारतात २०११ पासून बंद आहे.

ताईंना मोठा धोका मात्र ग्लिमेपिराइडचा होता. त्या गोळीवर हे इंजेक्शन चढलं आणि भूक मेली, की साखर एकदम खाली जाते: घाम, थरथर, भोवळ, तीही भर उन्हात वावरात. डॉक्टर अशा वेळी गोळी आधी कमी करतात. पार्लरमध्ये हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

म्हणून ताईंना आधी ग्रामीण रुग्णालयाच्या मधुमेह-बीपीच्या ओपीडीत पाठवलं: वजन, कंबर, बीपी, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीसाठी), यकृत आणि थायरॉइडच्या तपासण्या. हे रिपोर्ट घेऊन पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे. तिथे काय सांगायचं, ते कागदावर लिहून दिलं: घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग, विशेषतः मेड्युलरी प्रकारचा, झालाय का, स्वतःला स्वादुपिंडाची सूज किंवा पित्ताचे खडे होते का, दिवस जाण्याची शक्यता आहे का. टिर्झेपेटाइड सुरू करताना आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे नुसत्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये, सोबत निरोध वापरावा. ही गोष्ट बायका विचारत नाहीत आणि डॉक्टरही घाईत विसरतात.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मी केली आणि २.५ ची चिठ्ठी दिली.

खरी कसरत मग सुरू होते, ती थंडाव्याची. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ वर आणि लाइटचा भरवसा नाही. मेडिकलवाल्याला पेन फ्रिजमधून काढून द्यायला सांगा, पक्कं बिल घ्या आणि त्यावरचा बॅच नंबर खोक्याशी जुळवून पाहा. एसटीने आणताना बर्फाच्या पिशवीचा स्पर्श पेनाला होऊ देऊ नका, मध्ये टॉवेल ठेवा. गोठलेलं औषध वाया जातं, म्हणून ते फ्रीझरच्या कप्प्यातही नको. वापरात असलेलं पेन पत्रकात दिलेले दिवस ३० अंशांखाली चालतं. लाइट गेली तर मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात छोटं मडकं, आत कोरड्या डब्यात हे वापरातलं पेन आणि पारा ३० खाली आहे का ते पाहायला थर्मामीटर. कोरड्या उन्हाळ्यात ही सोय बरी चालते, पावसाळ्यात नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताईंना मळमळ सुरू झाली. तेलकट बंद, थोडं-थोडं जेवण, ताक, वरण, अंडी आणि पाणी भरपूर, एवढ्याने ती आटोक्यात आली. डॉक्टरांनी डोस वाढवणं महिनाभर पुढे ढकललं. पोटात जोराची कळ येऊन पाठीकडे गेली किंवा उलट्या थांबेनात, तर पुढची सुई न घेता थेट दवाखाना गाठायचा, हे घरच्यांनाही सांगून ठेवलं.

खर्चाचं आधीच बोललेलं बरं. सरकारी दवाखान्यात हे सहसा फुकट मिळत नाही आणि बंद केलं की बरंचसं वजन परत येतं. किमान सहा महिने परवडेल का, हा हिशेब घरी बसून करा. नाही जमला तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते दुसरा उपाय सुचवतील.