पदवीची अट नाही, पण व्हिसाची आहे

तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर आहात, सांगलीच्या एका कारखान्यात सहा वर्षे डिझाइनचे काम केले आहे आणि नुकताच पुण्यात प्रोग्रॅमिंगचा कोर्स संपवला आहे. वेगळ्या शाखेतून आलेल्यांसाठी मोठ्या टेक कंपन्या जे रोटेशनल (टीम बदलत शिकण्याचे) किंवा अप्रेंटिस कार्यक्रम चालवतात, त्यांतून अमेरिकेत जाता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी रसायनशास्त्राची पदवीधर असून अशाच एका कार्यक्रमातून या क्षेत्रात शिरले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मायक्रोसॉफ्टचा लीप 2015 मध्ये सुरू झाला आणि लिंक्डइनचा रीच त्यानंतर. फेसबुकचा, म्हणजे आताच्या मेटाचा, रोटेशनल कार्यक्रम एका वर्षाचा होता, तर लीप 16 आठवड्यांचा. यांत संगणकशास्त्राच्या पदवीची अट नसते, काम मात्र खरेखुरे असते.

अडचण नेमकी या सवलतीतच आहे. एच-1बी व्हिसासाठी ती नोकरीच अशी असावी लागते की तिला त्या विषयाची किंवा निकटच्या विषयाची पदवी लागते. ज्या जागेच्या जाहिरातीत कंपनीने स्वतःच ‘पदवी आवश्यक नाही’ असे छापले आहे, त्या जागेसाठी हा दावा कोणता वकील करणार? त्यामुळे अशा जागा बहुधा ज्यांच्याकडे अमेरिकेत काम करण्याची परवानगी आधीच आहे त्यांच्यासाठीच असतात. त्यातून वर्षाला 65 हजार आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी आणखी 20 हजार एवढ्याच व्हिसांसाठी सोडत निघते, आणि सप्टेंबर 2025 च्या आदेशाने देशाबाहेरील उमेदवाराच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा भार घातला. शिकाऊ माणसासाठी एवढे कोणी मोजेल, असे मला वाटत नाही.

माझे जमले ते परवानगीमुळे. मी पतीच्या एच-1बी व्हिसावर डिपेंडंट म्हणून आले होते (हा शब्द कागदावर रोज वाचावा लागला की त्याचा अर्थ कळतो). मे 2015 मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या जोडीदारासाठी कंपनीने केलेला ग्रीन कार्डचा आय-140 अर्ज मंजूर झाला होता, त्यांना काम करण्याची मुभा मिळाली. कामाच्या परवानगीचे ते कार्ड हाती आल्यावरच मी कार्यक्रमासाठी अर्ज केला.

निवडीत जुन्या कामाचा उपयोग होतो, पण तो नेमका सांगता यावा लागतो. मी तारापूरच्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. तिथे नोंदवहीत चुकलेला आकडा खोडायचा किंवा गिरवायचा नसतो. त्यावर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही, तारीख व कारण लिहायचे. मुलाखतीत गिट (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन) म्हणजे काय असे विचारल्यावर मी ही वहीच समजावून सांगितली, आणि पुढचा अर्धा तास त्यावरच गप्पा झाल्या. तरीही रुजू झाल्यावर माझ्या पहिल्या चौदा ओळींच्या कोडवर एकतीस शेरे आले होते, आणि त्या रात्री मला जेवण गेले नाही.

तुम्ही कारखान्यात जे हिशेब एक्सेलमध्ये हाताने करत होतात, त्यांतील एखाद्यासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहा आणि तिथल्या माणसांना तो वापरायला द्या. कोर्समधल्या ठरावीक टू-डू ॲपपेक्षा तो शंभरपट बोलेल.

मार्गाचे विचाराल तर मी बंगळूर किंवा हैदराबादकडे बोट दाखवेन. मायक्रोसॉफ्टचे हैदराबादचे केंद्र 1998 पासून आहे. एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या भारतातील शाखेत मागील तीन वर्षांत सलग एक वर्ष नोकरी झाली असेल, तर कंपनी एल-1 व्हिसावर बदली करू शकते. त्यासाठी सोडत काढली जात नाही. अर्थात कंपनीच्या कामाचे विशेष ज्ञान दाखवावे लागते, म्हणून वर्षाऐवजी तीन वर्षे धरून चाला.

ऑफर लेटर आले की पगाराच्या आकड्याआधी वर कोणाचे नाव आहे ते पाहा. कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर राहून त्याच इमारतीत, त्याच टीममध्ये काढलेले वर्ष एल-1 साठी मोजले जात नाही.