‘मला शेंगदाणे चालत नाहीत’ हे इंग्रजीत कसे सांगावे?

प्रश्न असा आहे : शिक्षणासाठी ब्रिटनमधल्या लीड्सला निघालेल्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. तिथे जेवण मागवताना ‘मला शेंगदाणे चालत नाहीत’ हे इंग्रजीत कसे सांगावे, ‘पीनट्स डोन्ट सूट मी’ एवढे पुरेल का, आणि ॲलर्जीला मराठीत ‘वावडे’ म्हणणे बरोबर आहे का?

‘सूट’ वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीतले ‘चालत नाही’ फार ऐसपैस आहे. एकादशीला कांदा चालत नाही, आजोबांना दूध चालत नाही कारण पोट फुगते, धाकटीला कारले चालत नाही कारण ते कडू लागते, आणि या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत कारण ते पोटात गेले तर घसा सुजून श्वास अडकू शकतो. घरच्या माणसांना बोलणारा कोण हे ठाऊक असते, म्हणून एकच क्रियापद चारही कारणांना पुरते. अनोळखी वेटरला ती सोय नसते. ‘डोन्ट सूट मी’ ऐकून त्याला फार तर पोटाची कुरकुर किंवा नावड समजेल, आणि तो वरचे दाणे बाजूला काढून तीच बशी पुन्हा आणून ठेवील. इंग्रजीत कारणाचे नाव घेऊनच बोलावे लागते : ‘आय ॲम ॲलर्जिक टू पीनट्स’. ‘शेंगदाण्यापासून त्रास होतो’ या मराठी वळणामुळे आपल्या तोंडी ‘ॲलर्जिक फ्रॉम’ येते. तिथे ‘टू’च हवे. दुधातली साखर न पचण्याला ‘इन्टॉलरन्स’ म्हणतात. तो पचनाचा प्रश्न असतो, ॲलर्जी हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा; म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी घालू नयेत.

‘पीनट्स’ऐवजी नुसते ‘नट्स’ म्हणणे हा दुसरा धोका. नाव काहीही सांगो, शेंगदाणा हा हरभरा-वाटाण्याच्या कुळातला आहे. बदाम, काजू, अक्रोड हे झाडावरचे. ब्रिटनमध्ये ग्राहकाला ज्या 14 ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावीच लागते, त्या यादीत ‘पीनट्स’ आणि झाडावरचे ‘नट्स’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ‘नट्स’ म्हटल्यावर स्वयंपाकघरात कोणाच्या डोळ्यांपुढे बदाम येतील आणि कोणाच्या शेंगदाणे, हे सांगता येत नाही. 2014 मध्ये उत्तर यॉर्कशरमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या एका ग्राहकाने ‘नट्स नकोत’ असे बजावून करी मागवली होती. बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाण्याचा अंश असलेली स्वस्त पूड वापरली गेल्याने त्याचा मृत्यू झाला आणि 2016 मध्ये उपाहारगृहाच्या मालकाला तुरुंगवास झाला. तिथे दोष ग्राहकाच्या शब्दाचा मुळीच नव्हता, पण पदार्थाचे नाव नेमके घेण्याची सवय का लावून घ्यावी, हे त्यावरून कळावे. आपण शाळेत शिकलेला ‘ग्राउंडनट’ तिथे तेलाच्या नावात आढळतो. बोलताना मात्र ‘पीनट’च म्हणावे.

आता सर्वांत फसवा भाग, ज्याचा आपल्या प्रश्नात उल्लेख नाही. आपण मराठीत विचारतो, ‘यात शेंगदाणे नाहीत ना?’ आणि उत्तर येते, ‘हो’, म्हणजे ‘हो, नाहीत’. आपला होकार प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत शेंगदाणे नसतील तर ‘नो’ म्हणतात, कारण तिथे होकार-नकार वस्तुस्थितीला दिला जातो. हाच प्रश्न नकारार्थी इंग्रजीत विचारला आणि समोरून नुसते ‘येस’ आले, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? समोरच्याची मातृभाषाही इंग्रजी नसेल, तर गोंधळ दुप्पट होतो. म्हणून प्रश्न होकारार्थीच ठेवावा : ‘डझ धिस कंटेन पीनट्स?’ याला आलेल्या ‘नो’चा अर्थ एकच. याहून चांगला मार्ग म्हणजे हो-नाहीत उत्तर देताच येणार नाही असे विचारणे : ‘व्हॉट्स इन द सॉस?’ किंवा ‘व्हिच ऑइल डू यू फ्राय इन?’

वेष्टनावर किंवा मेनूत ‘मे कंटेन पीनट्स’ दिसले, तर ती कायदेशीर औपचारिकता समजून सोडून देऊ नये. शेंगदाणे कृतीत घातलेले नाहीत, पण त्याच भांड्यातून, तेलातून किंवा यंत्रातून त्यांचा अंश लागला असण्याची शक्यता आहे, असा त्याचा अर्थ. उपासाचे पातेले आणि पळी वेगळी ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे निराळे समजावून द्यायला नको.

राहिला ‘वावडे’. शब्द अस्सल आहे आणि ‘त्याला शेंगदाण्याचे वावडे आहे’ हे वाक्य निर्दोष आहे. पण ‘त्याला कामाचे वावडे आहे’ असेही आपण सहज म्हणतो, त्यामुळे नावडीची छटा त्याला कायमची चिकटली आहे. (गंमत अशी की इंग्रजांनीही ‘ॲलर्जिक टू वर्क’ म्हणून आपल्या शब्दाची तीच गत केली आहे.) ॲलर्जीसाठी परिभाषेत असलेला ‘अधिहर्षता’ हा शब्द कोणी बोलताना वापरत नाही, आणि त्यातला हर्ष रोग्याला कोड्यात पाडतो. ‘ॲलर्जी’ हा शब्दही फार जुना नव्हे; व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 मध्ये ग्रीक शब्दांवरून तो घडवला. घरात खुशाल ‘वावडे’ म्हणावे. डॉक्टरांशी, शाळेशी किंवा खानावळीच्या चालकाशी बोलताना मराठी वाक्यातही मी ‘ॲलर्जी’च म्हणेन.