डिमेन्शियावर संशोधन करायचं तर लोकांत जाऊन बोलण्यात वेळ घालवावा का?

तुम्ही लिहिलंय की डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, पीएच.डी. करायची आहे, पण गाइड म्हणतात, "व्याख्यानं-शिबिरं नंतर, आधी पेपर." मी याच क्षेत्रात काम करते आणि मला हे अजिबात पटत नाही. कोलंबियाच्या डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांचं काम बघा.

१९८०च्या दशकात कोलंबियातल्या मेदेयीन शहरात न्यूरॉलॉजी शिकत असताना त्यांच्याकडे चाळिशीतच विसरायला लागलेला एक रुग्ण आला. वडील-आजोबांचंही तेच झालेलं. लोपेरा त्याच्या नात्यागोत्याचा माग काढत त्याच भागातल्या, आंतिओकिया प्रांताच्या डोंगरातल्या गावांत पोचले. तिथे कुणी याला करणी म्हणे, कुणी शाप. लुसिया माद्रिगाल या नर्सने चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतून वंशावळी जुळवल्या. रक्ताचे नमुने घ्यायला गेल्या असताना त्यांना बंडखोरांनी पळवून नेलं होतं, तरी काम थांबलं नाही. हा आनुवंशिक अल्झायमर होता, आणि १९९५ साली त्याचा दोष सापडला तो प्रेसेनिलिन-१ या जनुकात.

पण खरी अवघड गोष्ट पुढेच होती. घरात माणूस गेलंय, आणि त्याच दिवशी संशोधनासाठी त्याचा मेंदू मागायचा. वर्षानुवर्षं उठबस असल्याशिवाय कोण देईल? या कुटुंबांनी दिले. त्यांच्यातल्या एका बाईंच्या अंगात तो दोष असूनही सत्तरीपर्यंत स्मृती शाबूत राहिली, कारण बहुधा त्यांच्यातलाच दुसरा एक दुर्मीळ जनुकबदल. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या औषध-संशोधनाला नवी दिशा मिळाली. पुढच्या वर्षी त्या गेल्या, त्यांचाही मेंदू दान झाला.

याच कुटुंबांत झालेल्या, आजार आधीच रोखता येतो का हे बघणाऱ्या क्रेनेझुमॅब औषधाच्या चाचणीतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोष नसलेल्या नातलगांनाही तिच्यात घेतलं होतं, म्हणजे नुसत्या सहभागावरून कुणालाच आपलं भविष्य कळू नये! २०२२ मध्ये ते औषध अपयशी ठरलं. लोपेरा २०२४ मध्ये गेले, तोवर याच कुटुंबांसोबत काम करत होते.

आपल्याकडे अजूनही "म्हातारचळ लागलाय" म्हणून घरं गप्प बसतात आणि रुग्ण फार उशिरा समोर येतो. तेव्हा पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात किंवा विरंगुळा केंद्रात जा. बोलण्यापेक्षा ऐका जास्त. सुनांचं आणि मुलींचं तर नक्कीच, कारण सांभाळणाऱ्या बहुतेकदा त्याच असतात. आणि आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.